घरकाम कोणी किती करायचं? जोडप्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

घरकामावरून भांडण झालं की शहाणी माणसं सांगतात, "अरे, ते भांड्यांवरून नसतंच, आत काहीतरी वेगळंच असतं." असेलही. पण इतकी वर्षं संसार केल्यावर माझं मत झालंय की पुष्कळदा ते भांड्यांवरूनच असतं. म्हणून इथे आधी भांड्यांचं बोलू, मनाचं नंतर.

घरकामाची वाटणी आणि सुख यांचा खरंच संबंध आहे, की उगाच मोठं करून सांगतात?

संबंध आहे. प्यू रिसर्च सेंटर या लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या अमेरिकन संस्थेने २००७ साली अमेरिकेतल्या लोकांना विचारलं होतं की संसार चांगला व्हायला काय काय फार महत्त्वाचं आहे. एकमेकांशी एकनिष्ठ राहणं ९३ टक्के लोकांनी सांगितलं, समाधानकारक शरीरसंबंध ७० टक्क्यांनी, आणि तिसऱ्या नंबरवर आलं घरकाम वाटून घेणं, ६२ टक्के. पुरेसा पैसा त्याच्या खाली होता आणि मुलंबाळं तर आणखी खाली. हाच प्रश्न १९९० मध्ये विचारला तेव्हा घरकामाला ४७ टक्केच मतं होती. सतरा वर्षांत इतकी उडी यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने घेतली नाही.

आता, लोकांना एखादी गोष्ट महत्त्वाची वाटणं वेगळं आणि ती केल्याने सुख मिळणं वेगळं. जी जोडपी कामं वाटून घेतात ती आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी असतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण वाटून घेतल्यामुळे ती सुखी झाली, की मुळात सुखी होती म्हणून आनंदाने वाटून घेतात? मला वाटतं दोन्ही. दमलेल्या माणसाला प्रेमाने बोलता येत नाही आणि रागावलेल्या माणसाला झाडू उचलावासा वाटत नाही. एकदा हे चक्र फिरू लागलं की सुरुवात कुठून झाली ते शोधून फारसं काही हाती लागत नाही.

हे फक्त आमच्याच घरात आहे का?

नाही हो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली ६४ देशांची आकडेवारी एकत्र केली. घरातलं आणि माणसांची काळजी घेण्याचं बिनपगारी काम बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं करत होत्या, पुरुष १ तास २३ मिनिटं. पुरुषांचा वाटा बायकांच्या बरोबरीचा आहे असा एकही देश त्या यादीत निघाला नाही.

मग कामं अगदी निम्मी-निम्मी करायची का?

तराजू घेऊन बसू नका. एकाची नोकरी बारा तासांची आणि दुसऱ्याची सहा तासांची असेल, तर घरात निम्मं-निम्मं करणं हाच अन्याय. आजारपण येतं, परीक्षा येतात, एखाद्याच्या ऑफिसात वर्षअखेरीचा गोंधळ चालू असतो. अशा दिवसांत वाटणी इकडची तिकडे सरकते आणि सरकायलाच हवी. माणसाला टोचतो तो आकडा नसतो, "हे बरोबर नाही" ही भावना असते. सत्तर-तीसमध्ये समाधानी असलेली जोडपी मी पाहिली आहेत आणि पंचावन्न-पंचेचाळीसमध्ये धुसफुसणारीसुद्धा.

मोजायचंच असेल तर माझं माप वेगळं आहे. रात्री दोघं किती वाजता टेकतात ते बघा. टेकतात म्हणजे पाठ टेकून, उद्याचं काही डोक्यात नसताना. एक जण साडेआठपासून सोफ्यावर आणि दुसरा साडेदहाला ओटा पुसतोय, असं रोज दिसत असेल तर दिवसभराचा हिशोब कितीही चोख असू दे, वाटणी चुकलेली आहे.

दोघांनाही वाटतं की आपणच जास्त करतो. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ३७ जोडप्यांना घरातल्या २० गोष्टींबद्दल विचारलं की यात तुमचा वाटा किती. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं आणि उत्तरांची बेरीज केली. २० पैकी १६ गोष्टींत ती शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्त सांगत होती. म्हणजे हा नुसता बढाईचा मामला नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण तेव्हा आपण तिथे होतो. दुसऱ्याने केलेलं आपल्याला दिसतं ते झाल्यानंतर. आणि धुतलेल्या बाथरूमकडे बघून "हे कोणीतरी धुतलंय" असं कोणाच्या मनात येतं?

आम्ही घरी हा खेळ करून पाहिला. दोन चिठ्ठ्यांवर आपापला अंदाज लिहिला. मी ५५ लिहिलं होतं आणि मनातल्या मनात ते नम्रपणे कमी करून लिहिलंय असं समजत होतो. बायकोने ८० लिहिलं होतं. माझी चिठ्ठी वाचून ती हसली, आणि त्या हसण्याने मला जरा घाबरवलं.

"सांगितलं असतंस तर केलं असतं." यात काय चुकलं?

सगळं. हे वाक्य मी स्वतः अनेक वर्षं वापरलंय, त्यामुळे ते किती निरागस वाटतं हे मला पुरेपूर ठाऊक आहे.

लेकीचे बूट घ्या. बूट आणायला मीच जातो, म्हणजे बुटांचं काम माझं, असं मी धरून चाललो होतो. पण ती हल्ली अंगठा आत वळवून चालते हे कोणाच्या लक्षात आलं? सोमवारी शाळेत बूट लागणारच, त्याच्या आत आणायला हवेत, हे कोणी हेरलं? आता एक नंबर मोठा घ्यायचा की दीड, नाडीचे की पट्टीचे, हे कोणी ठरवलं? मी जाऊन आणले, वीस मिनिटांचं काम. त्यानंतर दोन दिवसांनी टाच लागते का हे विचारलं कोणी, आणि जुने बूट कपाटातून काढून कोणाला तरी दिले कोणी? या सगळ्यात माझी वीस मिनिटं तेवढी दिसतात. बाकीचं डोक्यात घडतं, बहुधा दुसरं काहीतरी करत असताना.

अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले: पुढे काय लागणार ते आधी ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, ठरवणं आणि ते नीट झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवण्याच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी एकत्र असत. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक घरांत बाईकडे होता. मला हे वाचून जरा लाज वाटली, कारण "आम्ही सगळं मिळून ठरवतो" हे वाक्य मी चारचौघांत अभिमानाने म्हणायचो. ठरवायचा विषय समोर आणून कोण ठेवतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तेव्हा "सांगितलं असतंस तर" म्हणणारा माणूस हातपाय द्यायला तयार असतो, डोकं द्यायला नाही. वर सांगण्याचं एक नवं काम समोरच्याच्या गळ्यात घालतो.

पण "मी तिला घरात मदत करतो" म्हणण्यात वाईट काय?

मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

कोणती कामं वाटून घेतली तर जास्त फरक पडतो?

भांडी. हे माझं मत नाही. म्हणजे माझंही आहेच, पण समाजशास्त्रज्ञ डॅनियल कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कामं सुटी सुटी करून पाहिली, तेव्हा बायकांच्या समाधानाशी सगळ्यांत घट्ट संबंध भांडी घासण्याच्या वाटणीचा निघाला. ते काम एकटीवर पडलं होतं त्या बायका नात्याबद्दल जास्त नाराज होत्या.

का असेल? स्वयंपाकाला निदान "छान झालंय" म्हणणारं कोणी असतं. सिंकचं कौतुक कोण करतं? शिवाय ते काम दुसऱ्याच्या खरकट्यात हात घालण्याचं. आणि ते संपत नाही. शेवटचा चमचा पालथा घातला की कोणीतरी पाणी पिऊन ग्लास आणून ठेवतोच. "भिजत घातलंय" हा प्रकार तर संसारातला सर्वांत धूर्त शोध आहे. करपलेल्या पातेल्यात पाणी आणि साबणाचे चार थेंब टाकायचे आणि तिथून निघून जायचं. काम सुरू केल्याचं पुण्य आपल्याला, घासण्याचे कष्ट जो पुढचा सिंकपाशी येईल त्याला.

यात आणखी एक मेख आहे. काही कामं थांबू शकतात, काही नाही. गेलेला बल्ब रविवारपर्यंत थांबतो. गळका नळ बादली लावून आठवडा काढतो. लहान मुलाचा डबा थांबत नाही, ओले कपडे मशीनमध्ये राहिले तर संध्याकाळपर्यंत वास मारतात. बहुतेक घरांत थांबणारी कामं एकाकडे आणि न थांबणारी दुसऱ्याकडे असतात. कागदावर दोन्हीकडे सात-सात कामं दिसतील, पण एकाच्या कामांना सवड असते आणि दुसऱ्याच्या कामांना घड्याळ.

प्रत्येकाने आपापली कामं ठरवून घ्यावीत, की सगळीच कामं दोघांनी करावीत?

इथे माझं मन अजून पक्कं नाही. कार्लसन यांचा २०२२ चा लेख म्हणतो की किती कामं दोघं मिळून करतात हे महत्त्वाचं, नुसती एकूण बेरीज बरोबर येणं पुरेसं नाही. कारण कळण्यासारखं आहे: जो स्वतः लादी पुसतो तो ओल्या लादीवरून चपला घालून जात नाही. दुसऱ्या बाजूला, "आपण दोघं बघू" म्हटलेलं काम शेवटी एकाच्याच अंगावर येतं, हाही अनुभव सगळ्यांचाच. आम्ही मधला रस्ता काढलाय. कपड्यांचं काम एक महिना पूर्ण माझं: साबण संपत आलाय हे बघण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत. पुढचा महिना पूर्ण तिचं. महिन्याच्या मध्ये कोणी कोणाला आठवण करायची नाही.

तिला स्वच्छतेचं वेड आहे. मला पसारा दिसतच नाही, त्याला मी काय करू?

दिसतो. एका अभ्यासात सहाशेहून जास्त लोकांना एकाच खोलीचा फोटो दाखवला, कधी आवरलेला, कधी पसरलेला. काहींना सांगितलं की ही खोली जॉनची, काहींना सांगितलं जेनिफरची. पसारा किती आहे हे बघणाऱ्या बायकांना आणि पुरुषांना जवळपास सारखंच दिसलं. फरक पडला तो खोली कोणाची यावर. बाईची असेल तर अपेक्षा वरचढ आणि बोल लावणंही जास्त. म्हणजे पाहुणे येणार म्हटल्यावर बायको सैरभैर होते आणि नवरा शांत असतो, ते डोळ्यांमुळे नाही. पाहुणे घर बघून मत कोणाबद्दल बनवणार हे दोघांनाही पक्कं माहीत असतं.

तरीही दोन माणसांची "स्वच्छ"ची व्याख्या वेगळी असू शकते, हे खरं. मग शांतपणे बसून किमान पातळी ठरवा. झोपण्याआधी सिंक रिकामं हवं, जमिनीवर कपडे नकोत, चादर दर आठवड्याला बदलायची. ती पातळी दोघांची. त्याच्या वर कोणाला कपाटातले टॉवेल रंगानुसार लावायचे असतील तर ती ज्याची त्याची हौस. त्याचे कष्ट दुसऱ्याच्या खात्यावर मांडायचे नाहीत.

तो करतो, पण इतकं वाईट करतो की मलाच परत करावं लागतं.

यात दोन जातीची माणसं असतात. एक जाणूनबुजून बिघडवणारा: पांढऱ्या शर्टांत लाल मोजा टाकून "मला नाही बाबा जमत" म्हणणारा, पुन्हा कधी ते काम वाट्याला येऊ नये म्हणून. ऑफिसात लाखोंचा हिशोब सांभाळणाऱ्याला वॉशिंग मशीनची तीन बटणं कळत नाहीत यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा खरोखर शिकत असतो, आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून आपण त्याने घातलेली घडी उलगडून पुन्हा घालतो. दोनदा असं झालं की कोणीही हात काढून घेईल. टॉवेल तिघडी असो की चौघडी, अंग पुसलं जातं. इथे मी बायकोची बाजू घेत नाही, आणि हे तिने वाचलं तर वाचू दे.

मूल होईपर्यंत सगळं छान होतं. मग कुठे बिनसलं?

तुमच्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १८२ जोडप्यांनी बाळ होण्याआधी आणि बाळ नऊ महिन्यांचं असताना आपल्या दिवसाच्या वेळेची नोंद ठेवली. दोघंही नोकरी करणारे. आधी घरकाम बऱ्यापैकी सारखं होतं. बाळ आल्यावर दोघांनाही वाटत होतं की आपलं काम सारखंच वाढलंय. नोंदींमध्ये मात्र बाईचं काम दिवसाला दोन तासांहून जास्त वाढलं होतं, पुरुषाचं साधारण चाळीस मिनिटं. बाळाला खेळवण्यात बाप होता, पण घरकामाला तो आधीपेक्षा कमी वेळ देऊ लागला होता.

सुरुवातीच्या आठवड्यांत आई घरी असते, तिला बाळाची रडण्याची तऱ्हा आधी कळते, मग "तुलाच बरं जमतं" सुरू होतं आणि तेच कायमचं होऊन बसतं. बापाला पहिल्या महिन्यांत बाळाबरोबर पूर्ण एकटं सोडणं हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय. शेजारच्या खोलीत आई असेल तर तो एकटेपणा धरायचा नाही.

कामावरून आल्यावर थोडं निवांत बसलं तर इतका गहजब का?

बसावं की, दोघांनी. लॉस एंजेलिसमध्ये लहान मुलं असलेल्या आणि दोघंही नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांची लाळ तपासून कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक मोजलं होतं. संध्याकाळी ते उतरायला हवं. ज्यांचे नवरे घरकामाला जास्त वेळ देत होते त्या बायकांचं ते चांगलं उतरत होतं. नवऱ्यांचं मात्र, ते स्वतः आराम करत असताना आणि बायको कामात असताना, जास्त उतरत होतं. तीस जोडपी म्हणजे काही फार नाहीत, यावरून सगळ्या जगाचा न्याय करायला नको. पण एकाचा निवांतपणा दुसऱ्याच्या पाठीवरून जातो हे लाळेतसुद्धा दिसावं, हे मी विसरू शकलेलो नाही.

कामं सारखी वाटणाऱ्यांचे घटस्फोट जास्त होतात, असं वाचलं होतं.

ती बातमी नॉर्वेतल्या २०१२ च्या एका अहवालावरून आली. कामं समान वाटणाऱ्यांत घटस्फोटाचं प्रमाण जास्त दिसलं, हे खरं. पण वाटणीमुळे घटस्फोट झाले असं संशोधकांनीही म्हटलं नव्हतं. लग्नाकडे आधुनिक नजरेने बघणारी माणसं कामंही वाटून घेतात आणि पटलं नाही तर वेगळीही होतात, असा त्याचा अर्थ लावणं जास्त सयुक्तिक.

तसंच शरीरसंबंधांचं. २०१३ मध्ये एक अभ्यास गाजला की पारंपरिक पद्धतीने कामं करणाऱ्या जोडप्यांत ते जास्त असतात. त्यातली माहिती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची होती. २००६ ची माहिती घेऊन पुन्हा पाहिलं तेव्हा वाटून घेणारी जोडपी कुठेही मागे नव्हती.

कामाला माणूस ठेवला की प्रश्न मिटेल?

परवडत असेल तर ओझं कमी होतं. २०१७ मध्ये चार देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत, पैसे देऊन वेळ वाचवणारी माणसं जास्त समाधानी आढळली. मात्र मदतनीस आज येणार की नाही, तिला काय सांगायचं, तिची सुट्टी, तिचा पगार हे सगळं एकाच्याच डोक्यात असेल तर झाडू गेला आणि मुकादमी आली.

स्वतःच्याच घरातल्या कामाबद्दल आभार कसले मानायचे?

मलाही हे आधी नाटकी वाटायचं. पण वाटणी असमान असतानाही जिथे माणसाला आपल्या कष्टांची दखल घेतली जाते असं वाटतं, तिथे कडवटपणा कमी राहतो, असं अभ्यास सांगतात. फक्त एक इशारा: गोड बोलून स्वतःचा वाटा टाळणाऱ्याला हे वाक्य ढालीसारखं वापरता येतं. आणि वर्षभर भांडी घासणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही, नवऱ्याने एकदा घासली तर फोनवरून आजीपर्यंत बातमी जाते, हेही लक्षात असू द्या.

बोलायला गेलं की भांडणच होतं. सुरुवात कुठून करू?

सिंकसमोर करू नका. रात्री अकरा वाजता, हातात ओलं फडकं असताना तर मुळीच नाही. दोघांचं पोट भरलेलं असेल अशी वेळ बघा, आणि "तू कधीच" या दोन शब्दांनी सुरुवात करायचं टाळा.

मग कागद घ्या आणि घरातलं झाडून सगळं लिहा. डोक्यातलीसुद्धा: लसीची तारीख, कोणाचा वाढदिवस, विमा, संपत आलेलं औषध. लिहितानाच एकाचा चेहरा उतरायला लागतो, तो उतरू द्या. पहिल्याच दिवशी सगळी यादी वाटायला जाऊ नका. एक काम निवडा आणि ते मुळापासून टोकापर्यंत द्या. देणाऱ्याने नंतर त्यात लक्ष घालायचं नाही. हे घेण्यापेक्षा देणं अवघड असतं.

आणि समोरचा बसायलाच तयार नसेल, तर एक कडू गोष्ट सांगतो. काही घरांत प्रश्न संवादाचा नसतोच. त्याला सगळं कळलेलं असतं, फक्त आहे ते त्याच्या सोयीचं असतं. तिथे आणखी नीट समजावून काही होत नाही. त्याच्या वाट्याची कामं करणं थांबवावं लागतं आणि ती पडून राहिलेली बघण्याची ताकद ठेवावी लागते.

आमच्याकडे पहिलं पूर्ण सोपवलेलं काम होतं लेकीच्या दातांचं. तारीख घेणं, नेणं, पुढची तारीख लक्षात ठेवणं, सगळं. पहिली तारीख मी साफ विसरलो. दोन दिवसांनी ब्रश करताना आठवलं. बायकोला ती तारीख माहीत होती, ती बोलली नव्हती. मी बाहेर आलो तेव्हा ती पेपर वाचत होती आणि मान वर न करता म्हणाली, "दवाखाना दहाला उघडतो." मग एकदम तोंडावर हात ठेवला, कारण ठरल्याप्रमाणे एवढंही सांगायचं नव्हतं.